वैशूचा डावा पाय

वैशू, पोरी अजून पळतात.

पहाटे रस्त्यावर आधी बुटांचा आवाज येतो, मग श्वासांचा. आपल्या घराच्या जरा अलीकडे, पिठाच्या गिरणीपाशी, तो आवाज थांबतो. आपल्या दारावरून त्या चालत जातात. कुणी बोलत नाही. विहाराच्या वळणावर पोचल्या की पुन्हा पळायला लागतात. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं असावं, आईसाठी. पण आई चुलीपुढे बसून तो थांबलेला आवाज ऐकते. तिकडे पळणं थांबलं की इकडे तिचे हात थांबतात. पोरी पुढे गेल्यावरच ती पुन्हा भाकरी थापायला घेते. मला वाटतं, त्या सरळ पळत गेल्या असत्या तर बरं झालं असतं. मधल्या शांततेत कुणाच्या तरी एकटीच्या पायांचा आवाज चालूच आहे असं वाटत राहतं. एकदा तर मी उठून दारात जाऊन पाहून आले.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. बाबांच्या मार्केटयार्डातले हमाल आले होते, ग्राउंडवरच्या सगळ्या पोरी आल्या होत्या, रोज तुझ्या जोडीनं पळणारी शाहीन तिच्या अम्मीला घेऊन आली होती. त्रिशरण, पंचशील झालं आणि मग एकेक जण बोलायला उठला. तू गुणी होतीस, शांत होतीस, कुणाला कधी उलटून बोलली नाहीस. शांत! शाहीननं माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी तोंडावर घेतली. सगळ्यांना वाटलं ती रडते आहे. ती हसत होती गं. आणि मग हसता हसता खरंच रडायला लागली. शिकलेली म्हणून मलाही उभं केलं. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. जे बोलायला हवं होतं ते आई समोर बसलेली असताना माझ्या तोंडून निघेना.

तुला मात्र सगळं सांगता येतं.

गावात म्हणतात, हार्टफेल. पळून पळून पोरीचं काळीज फाटलं म्हणतात. कुणी नजर लागली म्हणतं. एक म्हातारी आईला म्हणाली, "पोरीच्या जातीनं इतकं कायले पळा लागते व माय?" आईनं तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि घरात गेली. तू असतीस तर त्या म्हातारीला चहा मिळाला नसता.

मी आज वाशिमच्या शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या घरात डिग्री घेणारी पहिली म्हणून लोक माझं नाव घेतात, तेव्हा मला एसटीतला डबा आठवतो. मी मंगरूळला कॉलेजात होते तेव्हा तू रोज सकाळच्या गाडीनं माझा डबा पाठवायचीस. कंडक्टरच्या हातात देऊन बजावायचीस, "काका, खाली ठेवजा, वर नका ठेवू, वरण सांडते." एकदा गाडी खच्चून भरलेली होती, त्यांनी डबा घ्यायला नकार दिला, तर तू गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिलीस. "डबा घ्या नाई तं मले घ्या!" मंगरूळच्या स्टँडवर तो डबा माझ्या हातात देताना कंडक्टर म्हणाला, "तुमची बहीण पोलिसात जाईन बरं." मी घरी येऊन तुला ते सांगितलं. तू भांडी घासत होतीस. हात थांबवून म्हणालीस, "खरंच तसं म्हणाला?" त्यानंतरच्या आठवड्यात तू पळायला लागलीस. बाबांचे जुने बूट, पुढे कापूस भरलेले.

माझा पदवी घेतानाचा फोटो बाबांनी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला. तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाजूले जागा ठेवजा बाबा. तिथं मी वर्दीतला लावीन." ती जागा आता भरली. वर्दीतला नाही. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला आहे. तू त्यात डोळे बारीक केलेस, ऊन लागत असल्यासारखे.

आपलं भांडण अर्धंच राहिलं, वैशू.

काही महिन्यांपूर्वी माझी पाळी सुरू झाली की थांबायचं नाव घेत नव्हती. फळ्यापाशी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधार. वाशिमच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, बीपी घेतलं, आणि मग बराच वेळ नुसतं विचारत बसल्या. डोकं दुखताना डोळ्यांपुढे चमकतं का, कावीळ झाली होती का, घरात कुणाच्या पायात किंवा छातीत रक्ताची गाठ झाली होती का. मी नाही म्हणाले. मग मला कुसुममावशी आठवली. ती बाळंतपणात गेली एवढंच आपण ऐकत आलो. पण आई सांगते ना, बाळ झाल्यावर तिचा एक पाय खांबासारखा सुजला होता, आणि एके सकाळी ती उठून बसली ती तशीच गेली. मी हे सांगितलं तसा मॅडमनी पेन खाली ठेवला. लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. म्हणाल्या, "ती गोळी तुमच्यासाठी नाही. ही घ्या, सांगितली तशीच घ्या, आणि तपासायला येत राहा. आणि घरातल्या मुलींना मावशीचं सांगून ठेवा."

मी सांगितलं तुला. तेव्हा ग्राउंडची, म्हणजे पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेची, पहिली तारीख लागली होती आणि तुझ्या ट्रॅकपँटच्या खिशात पाळी लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

"कुसुममावशी बाळंतपणात गेली," तू म्हणालीस. "मी काय बाळंतीण हाय काय?"

"अवं, काही घरांत रक्ताले गाठ धराची सवयच रायते. मॅडम म्हणाल्या."

"तू घेतली तं दवाई आन मी घेतली तं जहर. लय शिकली तू."

"मले तपासून देली. तुले कोणं तपासलं?"

"मले? मेडिकलवाल्यानं. त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मोबाईलकडं पाह्यलं आन देली."

मला हसू आलं. तुझ्याशी भांडताना नेहमी हेच व्हायचं. तू म्हणालीस, "पाचच दिवस घ्याच्या हायेत. ग्राउंड झालं का बंद. जाय, तुही गाडी सुटीन." गाडी खरंच सुटणार होती. मी जीपमध्ये बसले. तू मागून ओरडलीस, "मॅडमले इचारजो, आठशे मीटरची गोळी भेटते काय!"

मी बाहेरची म्हणून बोलणं सोपं आहे, हे मला कळतं. तुम्हा पोरींमध्ये ती गोळी घेणं बूट बांधण्याइतकं साधं झालं होतं. भरतीची पोरगी वर्षभर पळते आणि सगळं एका सकाळवर येऊन ठरतं. त्या सकाळी पाळी आली तर? कुठल्याशा वर्षी कुणाला तरी ऐन मैदानात आली होती, पँट भरली, शेवटच्या फेरीत ती थांबली आणि तिची भरती थोडक्यात हुकली. ती मुलगी कोण, कुणालाच माहीत नाही, पण तिची गोष्ट प्रत्येक नव्या पोरीला सांगितली जाते. म्हणून ग्राउंड जवळ आलं की सगळ्या गोळीवर जातात. कुणाची वहिनी आणून देते, कुणी चौघी मिळून एक पाकीट घेतात.

आणि मग पाऊस आला. मैदानात पाणी साचलं, ग्राउंड पुढे गेलं. नवी तारीख आली, तीही गेली. प्रत्येक वेळी थोडंच पुढे. इथेच तुम्ही सगळ्या अडकलात. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांनी पाळी येते. म्हणजे बंद करावी तर पाळी नेमकी नव्या तारखेवर येऊन पडणार. म्हणून बंदच करायची नाही. चार दिवस अजून, मग अजून आठ. जी गोळी मोजक्या दिवसांसाठी असते ती तू महिन्याच्या वर घेत राहिलीस. हे मला नंतर शाहीननं सांगितलं. ग्राउंड पुढे गेल्याचं तू मला दरवेळी फोनवर सांगितलंस. गोळ्याही पुढे गेल्याचं नाही.

तुझा शेवटचा नीट फोन मला शब्दन् शब्द आठवतो. तू म्हणालीस, डावी पोटरी धरली. मी विचारलं, पळताना? तू म्हणालीस, पळताना, बसताना, झोपताना, धरलीच हाये. मागून आईचा आवाज आला, "बोलू नको, पाय सैल सोड." तू म्हणालीस, "आई चोळून देऊन राह्यली. लसूण जाळून तेल केलं तिनं. ताई, मी आता भजी लागून राह्यली वासानं." आणि मग जरा हळू, "पण चोळलं का लय आराम पडते व." पळणाऱ्या पोरीची पोटरी दुखली यात कुणाला काय वाटणार. दोन्ही पाय पळत होते आणि एकच सुजला होता, एवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी आईनं पाय चोळून दिला. तू उठलीस, म्हणालीस, हलकं वाटते आता. बूट घालायला पायरीवर बसलीस आणि तिथेच म्हणालीस, "आई, श्वास पुरून नाई राह्यला." बाबा यार्डात होते. शाहीननं जीप थांबवली. तिचा फोन आल्यावर मी वाशिमच्या दवाखान्याच्या फाटकात येऊन उभी होते. तुझे ओठ निळे झाले होते तरी तू बोलत होतीस. "ताई, सोमवारी ग्राउंड हाये." मी म्हटलं हो. तू म्हणालीस, "पुढं गेलं काय?" मी म्हटलं, "हो, पुढं गेलं." खरं तर गेलं नव्हतं. मला दुसरं काय बोलावं सुचलं नाही. अकोल्याला न्यायचं ठरलं, गाडी तयार होती, पण तू तोवर थांबली नाहीस.

तुला आत घेतलं होतं तेव्हा एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन आईला विचारत होता. कुठली गोळी चालू होती का?

"नाई," आई म्हणाली.

"होती," शाहीन म्हणाली. "पाळी लांबवाची."

"किती दिवस?"

शाहीन बोटं मोजायला लागली. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"पाय दुखत होता? सुजला होता? मालिश वगैरे केली होती का?"

"हो," आई म्हणाली. "मी रोज चोळून देल्ला. चांगला जोर लावून."

ती हे कसं म्हणाली माहीत आहे तुला? आपण काहीच कमी केलं नाही, हे कुणीतरी लक्षात घ्यावं, तशी म्हणाली. डॉक्टरनं मान खाली घातली. आत गेला.

नंतर मला एकटीला त्यानं समजावून सांगितलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली. घरात कुणाला असं झालं असेल, गोळी जास्त दिवस चालली असेल, तर धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायची थांबेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं असतं. अशा पायाला चोळायचं नसतं. मी विचारलं, चोळल्यानंच सुटली का? तो म्हणाला, ते सांगता येणार नाही. चालताना सुटते, आपोआपही सुटते.

मी ते घेऊन घरी आले आणि इथूनच शाळेत जाऊ-येऊ लागले. आणि घरी आई मला रोज एकच विचारायची. भाजी निवडताना, पाणी भरताना, माझे केस विंचरताना. "मी चोळला तवा तिले आराम पडला होता ना?"

मी म्हणायचे, "हो."

"तुले सांगितलं होतं ना तिनं? फोनवर?"

"हो आई. लय आराम पडते म्हणाली."

हे ऐकलं की तिचा चेहरा थोडा सैल व्हायचा. दिवसभरात तेवढाच. ते एक वाक्य तू तिच्यासाठी ठेवून गेलीस असं ती धरून बसली होती. आणि रस्त्यावर रोज पहाटे तुझ्या मैत्रिणी पळत होत्या, त्यांतल्या कितीजणींच्या खिशात पाकीट होतं, कितीजणींच्या आया तेल गरम करत होत्या, मला माहीत नव्हतं. त्यांना सांगायला हवं होतं. पूर्ण सांगायला हवं होतं. पण आपलं गाव केवढं, वैशू. ग्राउंडवर मी पाय चोळू नका म्हणाले की ते संध्याकाळच्या आत आईच्या कानावर येणार. मग ते एक वाक्यही तिच्याजवळ राहणार नाही.

मी ग्राउंडवर गेले. पोरी गोल करून बसल्या. गोळाफेकीच्या वर्तुळाशेजारी तुझी जागा त्यांनी रिकामी सोडली होती, किंवा मला तसं दिसलं. मी वर्गात शिकवते तसं सांगितलं. ही गोळी जहर नाही, मी स्वतः पाळीसाठीच दुसरी एक रोज घेते आणि तिच्यामुळेच वर्गात उभी राहू शकते. पण माझी तुम्हाला चालणार नाही आणि तुमची एकमेकींना चालेलच असं नाही. डॉक्टरांना विचारा, घरातल्या मावश्या-आत्यांना काय झालं होतं ते आईला विचारून जा, सांगितलेत त्याहून एकही दिवस जास्त घेऊ नका. ग्राउंड पुढे गेलं तर पुन्हा जाऊन विचारा. छातीत दुखलं, दम लागला, डोकं फुटल्यासारखं झालं, दिसायला अंधुक झालं, एक पाय सुजला, तर पळायचं थांबवा आणि दवाखाना गाठा.

एकीनं विचारलं, "आन ग्राउंडच्या दिवशीच पाळी आली तं?"

"तं पाळीत पळा लागन," शाहीन म्हणाली. "वैशू असती तं आता पळायले तयार असती."

एक मुलगी म्हणाली, तुझ्या जाण्याचं ऐकून तिनं डॉक्टरांनी दिलेली गोळीही फेकून दिली आणि आता अंगावरून जायचं थांबेना. तिला मी माझ्या मॅडमकडे पाठवलं. सगळं बोलले मी. चोळण्याचं तेवढं बोलले नाही. घरी परतताना शाळेच्या भिंतीच्या कडेनं चालताना मला सारखं वाटत होतं की तू मागून येते आहेस आणि म्हणते आहेस, अर्धाच धडा शिकवला व तू मास्तरीण.

मग रविवारी शाहीन आली. मी शेंगा सोलत होते, आई गहू निवडत होती. शाहीन दारातच उभी राहिली, चौकटीला धरून.

"ताई, दुखण्याची एखांदी गोळी हाये काय घरी? नाई तं मेडिकलमधून आणते."

"काय दुखते?" आईनं विचारलं.

"काई नाई मावशी. पोटरी धरली."

आईचे सुपावरचे हात थांबले. "कोणती?"

शाहीननं तो पाय मागे घेतला. मग म्हणाली, "डावीच."

"आन त्या गोळ्या?"

"बंद केल्या. त्या दिवसापासून बंदच हायेत." ती हसायला गेली. "तुमी कायले भेता मावशी? अम्मीनं काल चोळून देल्ला. आताबी तेल ठेवलं गरम कराले."

मी तोंड उघडलं. खरंच सांगते वैशू, शब्द तोंडात होते. समोर शाहीन होती आणि बाजूला आई होती, आणि मी दोघींकडे नुसती पाहत राहिले.

आई उठली. गहू सांडले. "चोळू नको," ती म्हणाली. "कोणाले हात लावू देऊ नको त्या पायले. तुह्या अम्मीलेबी नाई."

"काहून मावशी?"

"मी चोळला होता."

 आई शाहीनशीच बोलत होती, माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "डॉक्टरनं मले इचारलं, मालिश केली काय. मी हो म्हटलं. मंग त्यानं मान खाली घातली. मी शिकली नाई, पण कोणी मान खाली घातली तं मले समजते."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. रोज मला विचारायची तेव्हाही माहीत होतं.

शाहीननं पाऊल उचललं तशी आई ओरडली, "चालू नको! बस तिथंच!" आणि स्वतः पदर खोचून रस्त्यावर गेली. जीप थेट दारात घेऊन आली. शाहीनच्या अम्मी धावत आल्या, हाताला तेल तसंच. आईनं त्यांना बाजूला बसवलं आणि सगळ्या वाटेत शाहीनचा पाय आपल्या मांडीवर घेतला, पण हात वर धरून. खड्डा आला की तिचे हात खाली यायचे आणि ती ते पुन्हा वर घ्यायची.

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. शिरांची सोनोग्राफी केली. गाठ नव्हती. स्नायू ताणला होता, बाकी काही नाही. "आणलंत ते बरं केलं," तो म्हणाला. शाहीनच्या अम्मी रडत रडत दुवा देत होत्या. आई मात्र डॉक्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, माही पोरगी मी चोळल्यानं गेली काय?"

त्यानं तिला ओळखलं. खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"काकू, गाठ आधीच झाली होती. ती कशानं सुटली हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"पण चोळलं नसतं तं?"

त्यानं गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "नसतं चोळलं तर बरं झालं असतं."

आईनं मान हलवली. कुणीतरी एकदा सरळ सांगावं म्हणून ती थांबली होती, असं मला वाटलं. "बरं झालं सांगितलं," ती म्हणाली.

परत येताना जीपमध्ये ती मला म्हणाली, "तुले माईत होतं."

"हो."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तू रोज इचारत होती, आई. तिले आराम पडला काय म्हणून. मी कशी सांगू?"

तिनं बाहेर पाहिलं. शेतांत सोयाबीन पिवळं पडत होतं. "आराम पडला होता पण," ती म्हणाली. "ते तं खोटं नाई ना?"

"ते खोटं नाई."

"मी आता नाई इचारणार," ती म्हणाली. आणि त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही. मला वाटलं होतं, ते बंद झालं की घर हलकं होईल. तसं झालं नाही. आता ती भाजी निवडते, पाणी भरते, माझे केस विंचरते, आणि जिथे तो प्रश्न यायचा तिथे काहीच येत नाही. मी त्या जागेवर उत्तर तयार ठेवून बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी ग्राउंडवर जाऊन राहिलेलं सांगून आले. आई माझ्यासोबत आली होती. मी बोलत होते आणि ती पोरींच्या पायांकडे पाहत होती, एकेकीच्या.

परवा शाहीन आली. पाय बरा आहे, डॉक्टरांनी हलकं तेल लावायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. ती येताना वाटीत तेल घेऊन आली होती. आईपुढे बसली, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय लांब केला. "मावशी, तुमीच लावून द्या. अम्मी आता हातच नाई लावत, भेते."

मला शाहीनचं कळलं. तिला आईला काहीतरी परत द्यायचं होतं. आईलाही ते कळलं असेल. तिनं वाटी घेतली, तेल तळहातावर ओतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासून गरम केले. शाहीननं डोळे मिटले होते. आईचे हात तिच्या पोटरीच्या वर येऊन थांबले. तसेच थांबले. तेल मनगटाकडे ओघळायला लागलं. मग आईनं हात हळूच मागे घेतले आणि ते तेल स्वतःच्या कोपरांना पुसून टाकलं, आधी एका, मग दुसऱ्या.

शाहीननं डोळे उघडले.  अशा वेळी काहीतरी वेडंवाकडं बोलून तू सगळ्यांना हसवायचीस. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, वैशू, तू बोलशील म्हणून.